कॉम्प्युटरपुरती कोरियन

आज आपण जरा लांब जाणार आहोत, थेट कोरियाला. आणि तिथं जाऊन काय करणार? तर कॉम्प्युटरपुढं बसल्यावर लागणारी दहा-बारा कोरियन वाक्यं शिकणार.

कुणीतरी म्हणेलच, "अगं, आम्हाला आमच्या भाषेत कॉम्प्युटर येईना आणि तुम्ही कोरियन कुठं शिकवायला निघालात?" खरं आहे. पण दोन कारणं आहेत. एक म्हणजे कोरिया आता आपल्याला तितका लांबचा राहिलेला नाही. पुणे जिल्ह्यात रांजणगावला एलजीचा कारखाना आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं २०२३ साली केला. ह्या दोन्ही कंपन्या कोरियाच्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांची नावं दिली आहेत, त्यात कोरियनही आहे. आणि आपल्या पोरी मोबाईलवर कोरियन मालिका बघतात, हे घरोघरी माहीतच आहे.

दुसरं कारण आम्हाला जास्त मोलाचं वाटतं. ही वाक्यं शिकताना आम्हाला आपल्याच मराठीकडं नव्यानं बघता आलं. ते कसं, ते पुढं सांगतो.

आधी उच्चाराचं थोडं. कोरियन भाषेत ख, छ, थ, फ असे जोरानं श्वास सोडून म्हणायचे आवाज आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांना ते वेगळे काढायला अवघड जातं. आपल्याला नाही, कारण खडू, छत्री, थाळी, फळ आपण रोज म्हणतो. आजच्या वाक्यांतला 'ज' मात्र 'जीव'मधला म्हणायचा, 'जातं'मधला नाही. आणि 'च' 'चहा'तला, 'चमचा'तला नाही. एवढं सांभाळलं तर समोरच्याला तुमचं बोलणं कळेल.

कॉम्प्युटरला कोरियन माणूस म्हणतो 'खॉमफ्युथॉ'. माऊसला 'माउसु'. इंटरनेटला 'इनथॉनेत'. फाईलला 'फाइल', आपल्या फळातल्या 'फ'नं. म्हणजे नावं बहुतेक इंग्रजीतूनच आलेली, आपल्यासारखीच. ती शिकायला वेळ लागत नाही. खरी गंमत नावांत नाही, कामाच्या शब्दांत आहे.

पहिलं काम, कॉम्प्युटर सुरू करणं. त्याला कोरियन शब्द आहे 'ख्यॉदा'. हा शब्द फार जुना आणि घरातला आहे. दिवा लावायचा तरी ख्यॉदा, मेणबत्ती लावायची तरी ख्यॉदा. आणि बंद करायला 'क्कुदा'. विस्तव विझवला, दिवा मालवला, कॉम्प्युटर बंद केला, सगळ्याला क्कुदा. यंत्र नवं आलं, पण त्यासाठी नवा शब्द शोधत बसले नाहीत, दिव्याचाच शब्द त्याला लावला. आपणही म्हणतोच की, "टीव्ही लाव गं", "पंखा लाव". दिवा लावणाऱ्या बाईला कॉम्प्युटर लावायचा शब्द आधीच येत असतो.

आता पहिलं पूर्ण वाक्य. कॉम्प्युटर लावून द्या:

खॉमफ्युथॉरुल ख्यॉ जुसेयो.

आमच्याबरोबर म्हणा. खॉमफ्युथॉरुल, ख्यॉ, जुसेयो. आता एकेक शब्द सुटा करून बघू. 'खॉमफ्युथॉ' म्हणजे कॉम्प्युटर. त्याला चिकटलेलं 'रुल' आपल्या 'ला'सारखं, कशावर काम करायचं ते सांगणारं. 'ख्यॉ' म्हणजे लावून. 'जुसेयो' म्हणजे द्या. कॉम्प्युटर, लावून, द्या. शब्दांचा क्रम अगदी आपला. आधी वस्तू, मग काम, आणि शेवटी 'द्या'. इंग्रजीत कामाचा शब्द आधी येतो आणि वस्तू मागून, त्यामुळं वाक्य मनात उलटं करून घ्यावं लागतं. इथं काही उलटं करायचं नाही.

मराठी आणि कोरियन ह्या काही बहिणी नाहीत. दोघींचं कूळ वेगळं, गाव वेगळं. पण घर मांडायची पद्धत पुष्कळशी सारखी आहे, एवढं खरं.

आता आम्ही मघाशी म्हणालो ती गोष्ट. आपण मराठीत नुसतं काम सांगत नाही. कामाला एक छोटा शब्द जोडतो आणि त्यातून मनातलं सांगतो. "दाब" वेगळं आणि "दाबून बघ" वेगळं. "पुसलं" वेगळं आणि "पुसून टाकलं" वेगळं. शाळेच्या व्याकरणात ह्याला संयुक्त क्रियापद म्हणतात. कोरियन माणूसही नेमकं हेच करतो, आणि जोडायचे शब्दही आपलेच निवडतो. बघणे, ठेवणे, टाकणे, देणे. ऐका.

पहिला, बघणे. कुठलं बटण दाबायचं कळत नाही, शेजारी बसलेली म्हणते, दाबून बघा. कोरियनमध्ये:

नुल्लॉ बोसेयो.

नुल्लॉ म्हणजे दाबून, बोसेयो म्हणजे बघा. डोळ्यांनी बघायला जो शब्द, तोच करून बघायला.

दुसरा, ठेवणे. काम झालं, आता ते जपायला हवं. सेव्ह करून ठेवा:

चॉजांगहे दुसेयो.

चॉजांगहे म्हणजे साठवून, दुसेयो म्हणजे ठेवा. डब्यात लाडू भरून ठेवावेत तशी फाइल साठवून ठेवायची.

तिसरा, टाकणे. नको ते गेलं, किंवा हवं तेही गेलं, आणि मनाला लागलं. पुसून टाकलं:

चिवॉ बॉर्‍यॉस्सॉयो.

चिवॉ म्हणजे पुसून, आणि दुसरा शब्द टाकून देण्याचा. केर टाकतो त्यातलं टाकणं. आता परत येणार नाही, ही हळहळ त्या शब्दात आपसूक येते.

चौथा, देणे. हा सगळ्यांत उपयोगाचा, कारण यातच मदत मागणं येतं. दाखवून द्या:

पोयॉ जुसेयो.

शिकवा ना मला:

कारुछ्यॉ जुसेयो.

आणि नुसतीच मदत करा म्हणायचं तर:

तोवा जुसेयो.

प्रत्येकात शेवटी 'जुसेयो', म्हणजे द्या. आपण सेवा केंद्रात म्हणतो ना, "एवढा फॉर्म भरून द्या, एवढं लिहून द्या," तसंच.

बघा, ठेवा, टाकलं, द्या. हे चार शब्द आपल्या आयांनी आपल्याला बोलायला शिकवलं तेव्हापासून तोंडात आहेत. व्याकरणाची जाड पुस्तकं घेऊन बसलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना कोरियनमधलं हे वळण समजायला वेळ लागतो. आपल्याला ते ऐकताक्षणी कळतं. आम्ही फार शिकलेल्या नाही असं ज्या म्हणतात, त्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. यंत्र म्हटलं की ते अडणारच. काही चालेना, तेव्हा म्हणायचं:

आन द्वेयो.

म्हणजे होत नाही, चालत नाही. 'आन' म्हणजे नाही. इथं मात्र फरक आहे. आपण 'नाही' शेवटी म्हणतो, ते कामाच्या शब्दाआधी म्हणतात. इंटरनेट हळू चालत असेल तर "इनथॉनेशी नुर्‍यॉयो". यंत्रच बिघडलं तर "कोजांग नास्सॉयो". हे वाक्य कॉम्प्युटरपुरतं नाही, फ्रीज, टीव्ही, ट्रॅक्टर, कशालाही चालतं. आणि जगभर जो उपाय आधी सांगतात, तो कोरियातही सांगतात. बंद करून परत लावून बघा:

क्कॉत्ता ख्यॉ बोसेयो.

हे ऐकून हसू येतं, पण पुष्कळदा काम होऊन जातं.

पासवर्डला त्यांचा शब्द आहे 'पिमिलबॉन्हो'. पिमिल म्हणजे गुपित, बॉन्हो म्हणजे नंबर. गुपित नंबर. बँकेच्या कार्डाचा पिन असो की कॉम्प्युटरचा पासवर्ड, दोन्हीला हाच एक शब्द. शब्दातच 'गुपित' असल्यानं कुणाला सांगायचा नाही हे वेगळं समजावायला लागत नाही. तो विसरला तर म्हणायचं, "पिमिलबॉन्होरुल इजॉबॉर्‍यॉस्सॉयो." नीट ऐकलंत तर मघाचं 'टाकलं' इथंही आलं. आपण विसरून जातो, ते विसरून टाकतात.

आता एक गोष्ट सांभाळायची. कोरियनमध्ये मानानं बोलणं आणि एकेरी बोलणं आपल्याइतकंच, किंबहुना जास्तच पाळतात. 'ख्यॉ' म्हणजे लाव. 'ख्यॉयो' म्हटलं की त्यात अदब आली. 'ख्यॉसेयो' म्हणजे लावा, आपण लावावं. नवशिक्या बाईनं शेवटी 'यो' असलेलंच वाक्य धरावं, म्हणजे कुणाचा मान मोडत नाही. बाई आपल्यापेक्षा मोठ्या बहिणीला 'ऑन्नी' म्हणते, आणि ओळखीच्या थोड्या मोठ्या बाईलाही प्रेमानं ऑन्नीच म्हणते. आपल्या 'ताई'सारखं. शिकवणाऱ्याला 'सॉनसेंगनीम', जसं आपण गुरुजी किंवा बाई म्हणतो.

आणखी एक भानगड सांगतो, कारण ती आपल्याकडेही आहे. बोलताना माणूस म्हणतो 'चिवॉ', पुसून. पण पडद्यावरच्या बटणावर लिहिलेलं असतं 'साकचे'. अर्थ एकच, पण हा चिनी मुळाचा, कागदोपत्री शब्द. तसंच 'ह्वागिन' म्हणजे बरोबर आहे, मान्य. 'छ्वीसो' म्हणजे रद्द. 'चॉजांग' म्हणजे साठवणे. घरातली भाषा एक आणि पडद्यावरची दुसरी. आपल्याकडेही पडद्यावर 'डिलीट' किंवा 'हटवा' दिसतं, आणि आपण म्हणतो "काढून टाक". दोन्ही एकच आहे हे एकदा कुणीतरी सांगावं लागतं. नाहीतर बाई बटणाकडं बघत बसते आणि आपल्याला काही येत नाही असं तिला वाटतं. येत असतं तिला, फक्त पडद्यावरचा शब्द ओळखीचा नसतो.

ही वाक्यं कोरियात कोणाला लागतात, ते आता बघू. तिथल्या खेड्यापाड्यांत व्हिएतनाम, फिलिपिन्स, कंबोडिया ह्या देशांतून लग्न होऊन आलेल्या पुष्कळ बायका राहतात. सासर परक्या देशात, भाषा परकी, आणि मुलाच्या शाळेची सूचना, बँकेचं काम, सगळं पडद्यावर. अशा कुटुंबांना आधार देण्यासाठी तिथं २००८ साली कायदा झाला, आणि त्यातून जागोजागी केंद्रं चालतात. तिथं कोरियन भाषेचे वर्ग असतात, काही घरांत शिक्षिका घरी येऊनही शिकवते. सासरी गेलेल्या आपल्या लेकींना नवं स्वयंपाकघर समजून घ्यायलाही महिना जातो, तिथं तर भाषाच नवी. अशा बाईला 'ताशी हानबॉन कारुछ्यॉ जुसेयो' हे एक वाक्य आलं, तरी तिचं पुष्कळ काम होतं. ताशी हानबॉन म्हणजे पुन्हा एकदा. पुन्हा एकदा शिकवा. हे म्हणता आलं नाही तर ती गप्प राहते. गप्प राहिली की घरातलं कुणीतरी म्हणतं, "दे इकडं, मी करतो." त्याचा हेतू चांगलाही असेल. पण मग गुपित नंबर त्याच्याकडं, खातं त्याच्या हातात, आणि आपल्या पैशाचं काय झालं हे विचारायलाही तिला त्याच्याकडंच जावं लागतं.

कोरियाच्या लिपीचीही एक गोष्ट बायकांनी ऐकण्यासारखी आहे. त्या लिपीचं नाव हांगुल. सेजोंग राजानं ती १४४३ साली तयार केली आणि १४४६ साली लोकांपुढं ठेवली. त्याआधी लिहायला अवघड चिनी अक्षरं होती, ती शिकायला गरिबाला सवड नव्हती. हांगुलची आज २४ मूळ अक्षरं आहेत. 'म'चं अक्षर साधा चौकोन, तोंडाच्या आकारावरून घेतलेलं. पण मोठमोठ्या पंडितांनी शतकानुशतकं ह्या लिपीला कमी लेखलं. घरातल्या बायका तिच्यात पत्रं लिहायच्या, म्हणून तिला 'आमखुल' म्हणायचे, म्हणजे बायकी अक्षरं. त्याच बायकी अक्षरांवर आज कोरियातला प्रत्येक कॉम्प्युटर चालतो. कळफलकावर व्यंजनं डाव्या हाताला आणि स्वर उजव्या हाताला. आपल्या मराठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर बरोबर उलटं, स्वर डावीकडं, व्यंजनं उजवीकडं.

आणि आता छिलगोकच्या आज्यांबद्दल. छिलगोक हा कोरियाच्या उत्तर ग्यॉंगसांग प्रांतातला ग्रामीण तालुका. तिथल्या कितीतरी आज्यांचं बालपण जपानी राजवटीत, गरिबीत आणि नंतर युद्धात गेलं. मुलीनं शाळेत कशाला जायचं, हे तिथंही होतंच. म्हातारपणी त्या प्रौढांच्या वर्गात जाऊन हांगुल लिहायला शिकल्या. त्यांच्यापैकी पाच आज्यांच्या हस्ताक्षरावरून २०२० साली तालुक्यानं कॉम्प्युटरचे पाच फॉन्ट तयार केले. फॉन्ट म्हणजे कॉम्प्युटरवर उमटणाऱ्या अक्षरांचं वळण. त्यासाठी आज्यांनी महिनोन्महिने बसून कागदांमागून कागद लिहिले. जरा थरथरती, जरा वाकडी अक्षरं, पण कुणीही कॉम्प्युटरवर घेऊन त्यात लिहू शकेल अशी. २०२३ च्या नववर्षाला कोरियाच्या राष्ट्राध्यक्षांनी शुभेच्छापत्र पाठवलं, ते ह्यातल्याच एका आजीच्या अक्षरात होतं. जी बाई म्हातारपणी लिहायला शिकली, तिच्या वळणात देशाच्या प्रमुखानं शुभेच्छा लिहिल्या.

आपल्याकडेही ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, गुलाबी लुगडी नेसून आज्या पाटीवर लिहायला बसल्या. तेव्हा वय झालं, आता काय शिकायचं, असं कुणी म्हणालं, तर तिला दोन्हीकडच्या आज्या दाखवून द्या.

मैत्रिणींनो, आता ह्या सगळ्यातून आपल्या गटानं काय घ्यायचं? कोरियन प्रत्येकीला लागेलच असं नाही. जिची लेक कंपनीत जाते, तिनं लेकीला ही वाक्यं वाचून दाखवावीत. पण कॉम्प्युटरपुढं बसायला यंत्राच्या भागांची नावं आधी पाठ करायची गरज नसते, हे मात्र सगळ्यांनी घ्यावं. आधी लागतात ती मदत मागायची वाक्यं. दाखवून द्या. पुन्हा एकदा सांगा. हळूहळू सांगा. हळूहळूला कोरियन शब्द आहे 'छॉनछॉनी'. बघा, त्यांनीसुद्धा आपल्यासारखाच शब्द दोनदा म्हटला. जिला हळूहळू सांगा म्हणायची लाज वाटत नाही, ती शिकते.

म्हणून येत्या बैठकीत एवढं करा. गटाचं काम कॉम्प्युटरवर कुणीही करत असो, पोरगं असो, सेवा केंद्रातला माणूस असो, त्याच्या शेजारी एकीनं बसायचं आणि मराठीत तीन वाक्यं म्हणायची. "काय भरलं ते वाचून दाखवा." "सेव्ह करून ठेवा, आणि कुठं ठेवलं ते दाखवा." "आता मला दाबून बघू द्या." पासवर्ड आपला आपणच टाकायचा, गुपित नंबर म्हणून. दर बैठकीला वेगळ्या बाईनं बसायचं. वर्ष संपेपर्यंत गटातल्या प्रत्येकीचा हात एकदा तरी कळफलकावर पडला पाहिजे.

आणि काम झाल्यावर, ज्यानं शिकवलं त्याला दोन शब्द म्हणायला विसरू नका. मालिका बघणाऱ्या पोरींना ते माहीत आहेत, त्यांच्याकडून म्हणून घ्या. कामसाहाम्निदा. म्हणजे आभारी आहोत.